ठेका कोण धरतंय?

पडद्यावर फक्त पाणी दिसतं. बंदरातलं, सतत हलणारं, प्रतिबिंबांच्या चिंध्या करणारं पाणी. त्यावर नावं सरकतात आणि मागे तीन वाद्यं वाजत असतात : सॅक्सोफोन, व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन आणि गिटार. न्यूपोर्टच्या १९५८ सालच्या जॅझ महोत्सवावर बर्ट स्टर्न या फॅशन छायाचित्रकारानं केलेल्या ‘जॅझ ऑन अ समर्स डे’ या चित्रपटाची ही सुरुवात. पुढे त्यात लुई आर्मस्ट्राँग येतो, थेलोनियस मंक येतो, चक बेरी येतो, शेवटी महेलिया जॅक्सन येऊन सगळ्यांना गप्प करते. पण दार उघडतात ते हे तिघं. जिमी जुफ्री, बॉब ब्रुकमायर आणि जिम हॉल. रचनेचं नाव ‘द ट्रेन अँड द रिव्हर’.

माझा एक मित्र तबला वाजवतो. त्याला मी हा तुकडा ऐकवला तेव्हा सवयीनं त्याची बोटं मांडीवर चालू लागली. अर्ध्या मिनिटात थांबली. पुन्हा चालू झाली, पुन्हा थांबली. “सम कुठंय रे?” त्यानं विचारलं. मग स्वतःच म्हणाला, “नाही, सम सापडतेय. ठेका कोण धरतंय?” मी काही बोललो नाही. तो डोळे मिटून ऐकत राहिला. “आता गिटारवाला धरतोय. नाही, सोडला त्यानं. आता तो भोंगेवाला.” तुकडा संपल्यावर तो हसला. “असं वाजवायचं म्हणजे तिघांतल्या एकालाही डुलकी काढता यायची नाही.”

या लेखात मला जे म्हणायचंय त्यातलं निम्मं तो तिथंच बोलून गेला.

आपल्याकडे जॅझ आला तो नाचाचं संगीत म्हणून. १९३५ साली लिऑन ॲबी आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, त्याच्यामागून टेडी वेदरफर्डसारखे वादक आले आणि त्यांच्या शेजारी बसून, त्यांचं ऐकून, गोव्याच्या वादकांनी ही विद्या आपलीशी केली. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले हे लोक रात्री हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. चिक चॉकलेट त्यांतला सर्वांत गाजलेला; सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त १९५१ साली जी नाचरी धमाल ऐकू येते तिच्यात त्याचा मोठा वाटा. त्यामुळे मराठी कानाला जॅझ म्हटलं की ड्रमचा दणका आणि पितळी वाद्यांची आतषबाजीच आठवते. यात चूक काही नाही, जॅझचा मोठा भाग तसाच आहे. पण या कानांना जुफ्रीचं त्रिकूट पहिल्यांदा ऐकताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. लग्नाला गेलो आणि सनईच ऐकू आली नाही, तसं.

जुफ्रीला हे जमत नव्हतं म्हणून त्यानं टाळलं, असं मात्र नाही. १९२१ साली टेक्सासमधल्या डॅलस शहरात जन्मलेला हा माणूस मोठ्या बँडसाठी लिहिण्यात तरबेज होता. वुडी हर्मनच्या बँडसाठी १९४७ साली त्यानं लिहिलेली ‘फोर ब्रदर्स’ ही रचना तीन टेनर आणि एक बॅरिटोन सॅक्सोफोन अशा चौघांना एकाच दमात धावायला लावते. त्या रचनेमुळे हर्मनच्या त्या सॅक्सोफोनवाल्यांना कायमचं नाव मिळालं. कॅलिफोर्नियात तो तिथल्या बँडांतून वाजवत होता, वेस्ली लाव्हायलेट या संगीतकाराकडे काउंटरपॉइंट शिकला, म्हणजे दोन-तीन स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी आपापल्या वाटेनं चालवून एकत्र कशा ठेवायच्या ते. १९५५च्या ‘टँजंट्स इन जॅझ’ या रेकॉर्डवर त्यानं पहिला धक्का दिला. ड्रम आणि बास होते, पण त्यांना मोजून ठोके द्यायची मनाई होती. लय वाजवून दाखवायची नाही, ती सगळ्यांनी मनात धरायची. पुढच्याच वर्षी त्यानं ड्रम काढूनच टाकला. क्लॅरिनेट, टेनर आणि बॅरिटोन तो स्वतः आलटूनपालटून वाजवी. गिटारवर जिम हॉल, डबल बासवर राल्फ पेन्या. ॲटलांटिक कंपनीसाठी डिसेंबर १९५६मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या रेकॉर्डचं नाव साधं होतं, ‘द जिमी जुफ्री थ्री’.

ही कल्पना सुचली ती डेब्युसीच्या बासरी, व्हायोला आणि हार्प यांच्यासाठी लिहिलेल्या सोनाटावरून. टेक्सासचा माणूस, ब्लूजचा पाया, फ्रेंच नमुना. आणि या सगळ्याचं त्यानं स्वतः केलेलं वर्णन : ब्लूजवर आधारलेला लोकजॅझ.

ड्रम नसलेले गट त्याआधी नव्हते असं नाही. नॅट किंग कोलचं पियानो, गिटार आणि बास असं त्रिकूट होतं; रेड नॉर्व्होच्या त्रिकुटात तर चार्ल्स मिंगससारखा बासवाला होता. पण त्या सगळ्यांत बास होता, म्हणजे जमीन होती. ड्रम गेला तरी बासवाला पावलं टाकत राहतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यावर बसून फिरतात. १९५७ संपता संपता जुफ्रीनं तोही काढला आणि त्या जागी ब्रुकमायरचा ट्रॉम्बोन आणला. दोन फुंकवाद्यं आणि एक गिटार. असलं काही तोवर क्वचितच कोणी केलं असेल, कारण करायचं काही कारणच दिसत नव्हतं.

इथं आपले शब्द कामाला येतात. इंग्रजी लिहिणारे समीक्षक या त्रिकुटाबद्दल बोलताना सगळंच ‘बीट’ या एका शब्दात कोंबतात. आपल्याकडे लय वेगळी, ताल वेगळा, ठेका वेगळा. जुफ्रीच्या या संगीतात लय आहे, ताल आहे, मात्रा मोजता येतात, आवर्तनं वेळेवर पूर्ण होतात. नाही तो ठेका. ठेका म्हणजे तालाची जबाबदारी एका माणसाकडे सोपवून बाकीच्यांनी निर्धास्त होणं. ख्यालाच्या मैफलीत ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तीच निसर्गनियम वाटते. धृपदात ती तशी नाही. पखवाजिया गाणाऱ्याशी खेळतो, झुंजतो, ठेका देत बसणं हे त्याचं काम नव्हे आणि गाणारा आपल्या हातानं ताल धरतो. जुफ्रीनं नेमकं हेच मागितलं : प्रत्येकाच्या हातात स्वतःचा ताल.

त्याचे परिणाम आवाजात ऐकू येतात. ड्रम असला की बाकीच्यांना त्याच्यावरून ओरडावं लागतं. तो गेल्यावर जिम हॉलला गिटारचा आवाज इतका खाली आणता आला की तार सोडल्यानंतर विरत जाणारा सूरही वाजवण्याचा भाग झाला. क्लॅरिनेट जुफ्री जवळजवळ खालच्या सप्तकातच वाजवी. तिथं तिचा आवाज लाकडाचा आणि श्वासाचा होतो, सुरात हवा मिसळलेली ऐकू येते. वर तो फारसा जातच नसे. वरच्या सुरांवर त्याचा हात बसलेला नाही अशी कुजबुज असे. असेलही खरी. पण मोठ्या बँडच्या मध्यभागी उभं राहून असं वाजवलं असतं तर ते कुणाच्या कानापर्यंत पोचलंच नसतं. ड्रम काढण्याचा हेतू शांतता हा नव्हता. एरवी जे आवाज चिरडले जातात त्यांना जागा मिळावी, हा होता.

आता ‘लोक’ या शब्दाकडे वळायला हवं, कारण अडचण तिथं आहे.

रेकॉर्डवरची नावं पाहा : ‘क्रॉडॅड सुइट’, ‘द स्वॅम्प पीपल’, ‘द ग्रीन कंट्री’. १९५८ अखेरच्या ‘वेस्टर्न सुइट’चे चार भाग तर ‘पोनी एक्सप्रेस’, ‘अपाचेज’, ‘सॅटरडे नाइट डान्स’ आणि ‘बिग पाव वाव’. अपाची लोकांशी या संगीताचा संबंध काय? माझ्या मते काहीही नाही. ते हॉलिवुडच्या काउबॉयपटातले अपाची आहेत. या जागी मी जुफ्रीची वकिली करणार नाही. संगीत नाजूक आहे, वाजवलंय अप्रतिम, पण त्या नावांची पाटी जत्रेतल्या रंगवलेल्या पडद्यासारखी आहे, ज्याच्यापुढे उभं राहून फोटो काढतात.

ब्लूजचं प्रकरण याहून गंभीर. ड्रम काढणं ही १९५६ साली एका गोऱ्या वादकाची सौंदर्यदृष्टी असेल, पण अमेरिकेत ड्रम काढून घेण्याला दुसरा इतिहास आहे. १७३९ साली साउथ कॅरोलायनात स्टोनो इथं गुलामांनी उठाव केला, ते ढोल वाजवत निघाले होते. दुसऱ्याच वर्षी तिथल्या कायद्यानं गुलामांना ढोल आणि शिंग वाजवायला बंदी केली. मग टाळ्या, पाय, मांडी, छाती यांनी ठेक्याचं काम केलं. पुढे दक्षिणेतल्या शेतांवर एकटा माणूस गिटार घेऊन बसला तेव्हा त्याचा अंगठा खालच्या तारेवर ठोका धरी आणि उरलेली बोटं गात. तो बारा बारांच्या, म्हणजे बारा खंडांच्या, चौकटीला बांधलेला नसे, मनाला येईल तेव्हा साडेअकरावर वळे नाहीतर तेरावर. जॉन ली हूकरसारख्यांच्या मागे ड्रम वाजवणाऱ्यांचे यामुळे हाल होत. ठेक्याविना वाजवणं ब्लूजला जुफ्रीनं शिकवलं नाही. ब्लूजचा जन्मच तसा झाला. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीला ढोलकी लागत नाही, जात्याची घरघर पुरते; तसंच ते.

शिवाय ब्लूजमधली आगगाडी ही नुसती आगगाडी नसते. दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या लाखो कृष्णवर्णीयांची ती गाडी आहे. तिथली नदी १९२७च्या पुरात घरंदारं घेऊन गेलेली मिसिसिपी आहे. जुफ्रीच्या रचनेत गाडी जाते, नदी वाहते, पण गाडीत कोणी बसलेलं नाही आणि काठावर कोणाचं घर नाही. सप्टेंबर १९५७मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना पोचवायला सैन्य आणावं लागलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जुफ्रीचं त्रिकूट सीबीएसच्या ‘द साउंड ऑफ जॅझ’ या कार्यक्रमात हीच रचना वाजवत होतं. इतकी निवांत गाडी त्या वर्षी अमेरिकेत दुसरी नसेल.

हा आक्षेप मला बरोबर वाटतो. तरी त्याच्यापाशी मी थांबत नाही आणि त्याचं कारण त्याच कार्यक्रमात आहे. त्यात बिली हॉलिडे ‘फाइन अँड मेलो’ हा बारा बारांचा ब्लूज गाते आणि मधे लेस्टर यंग उठून एक आवर्तन वाजवतो. प्रकृती ढासळलेला लेस्टर यंग मोजके सूर घेतो, एकही आपटत नाही, प्रत्येकाला पुरेसा वेळ देतो. जुफ्रीचं घराणं विचारलं तर ते हे. टेनर आणि क्लॅरिनेट, दोन्हींत तो लेस्टर यंगचं ऋण घेऊन उभा होता. त्याच कार्यक्रमात जुफ्री आणि पी वी रसेल या दोन क्लॅरिनेटवाल्यांचा एक ब्लूज आहे. रसेल म्हातारा, जुन्या शिकागो पठडीतला, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाकडे सूर काढणारा. जुफ्री त्याच्यापुढे तरुण, शिकलेला. दोघंही तळाशी, अंधारात चाचपडत बोलल्यासारखे. एक विचारतो, दुसरा लगेच उत्तर देत नाही.

ब्लूजमधून जुफ्रीनं काय घेतलं आणि काय घेतलं नाही, हे इथं कळतं. किंकाळी त्यानं घेतली नाही. ती त्याची नव्हती आणि घेतली असती तर ती नक्कल झाली असती. गोऱ्या वादकांनी केलेल्या अशा नकलांनी पन्नाशी-साठीच्या दशकातल्या रेकॉर्डी भरल्या आहेत. त्यानं घेतली ती रीत : एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं ऐकून मग बोलायचं, आणि वेळ कुणी बाहेरून मोजून देणार नाही हे मान्य करायचं. ‘वेस्टर्न सुइट’च्याच रेकॉर्डवर मंकचा ‘ब्लू मंक’ आहे. तो ऐकताना पाटीवरचे अपाची विसरायला होतं. मंकची ती ठेचकाळत उतरणारी सुरावट तिघं आपसांत अशी फिरवतात की ती कुणा एकाची राहत नाही. नुसत्या हळुवारपणानं हे घडत नाही. त्याला शिस्त लागते.

आपल्याकडे ‘फ्यूजन’ म्हणून जे चालतं त्याच्याशी हे ताडून पाहावंसं वाटतं. बहुतेक वेळा ती बेरीज असते. तबला आहे, त्याच्याजोडीला ड्रम सेट, त्यावर ढोलकी, बाजूला कीबोर्ड, पुढे बासरी. सगळे एकदम वाजतात, शेवटी सवाल-जवाब होतो, तिहाई पडते आणि टाळ्या कडाडतात. प्रत्येकजण आपापलं सगळं सामान घेऊन आलेला असतो, कुणी काही घरी ठेवून आलेलं नसतं. मी अशा कार्यक्रमांना जातो, टाळ्याही वाजवतो. पण घरी परतताना एकही सूर बरोबर येत नाही. जुफ्रीनं केली ती वजाबाकी. जॅझनं ड्रम सोडला, ब्लूजनं किंकाळी सोडली, डेब्युसीनं आपला भरजरी पोशाख सोडला. मिसळण्यासाठी प्रत्येकाला थोडं गरीब व्हावं लागलं. आपल्याकडे लोकसंगीताचा वापर बहुधा उलटा होतो. गोंधळाचं संबळ मंचावर येतं ते जोश वाढवायला, कमी करायला कुणी आणत नाही.

पण वजाबाकीला अंत नसतो, हेही जुफ्रीनंच दाखवलं. ठेका काढला, बास काढला, मग पुढे काय? १९५९च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स जॅझ शाळेत तो शिकवत होता तेव्हा तिथं ऑर्नेट कोलमन आला. कोलमननं ठरलेली कॉर्डांची मालिकाच सोडून दिली होती. जुफ्री तेव्हा नावाजलेला, शिकवणारा माणूस. पण ऐकून हलला तो, कोलमन नाही. १९६१ साली त्यानं नवं त्रिकूट केलं, पियानोवर पॉल ब्ले आणि बासवर स्टीव्ह स्वॅलो. पुन्हा ड्रम नाहीच. त्या वर्षीच्या पहिल्या रेकॉर्डचं नाव, गंमत पाहा, ‘फ्यूजन’. १९६२च्या ‘फ्री फॉल’मध्ये ठेका गेलाच होता, आता तालही गेला, ठरलेलं आवर्तनही गेलं. आणि वरचे सूर जमत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी : त्या रेकॉर्डवर जुफ्री एकटाच क्लॅरिनेट घेऊन अगदी वरच्या टोकापर्यंत किंचाळत जातो.

श्रोते पळाले. ग्रीनिच व्हिलेजमधल्या ब्लीकर स्ट्रीटवरच्या एका कॉफीहाउसात एका रात्री वाजवून झाल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला पस्तीस सेंट आले. त्या रात्री तिघांनी थांबायचं ठरवलं. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं जुफ्रीची स्वतःच्या नावाची नवी रेकॉर्ड निघाली नाही.

ही गोष्ट नेहमी ‘काळाच्या पुढे असलेला कलावंत’ अशी सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. मला प्रश्न पडतो तो न्यूपोर्टच्या प्रेक्षकांचा. ज्यांनी १९५८ साली ‘द ट्रेन अँड द रिव्हर’ला टाळ्या दिल्या, त्यांनी नेमकं काय ऐकलं होतं? मला वाटतं, त्यांनी गाडी ऐकली आणि नदी ऐकली. हिरवळ, ऊन, पाण्यावरच्या बोटी. त्यामागे चाललेली, ठेका कुणा एकाकडे न सोपवण्याची व्यवस्था त्यांनी ऐकलीच नाही. पुढच्या रेकॉर्डींमध्ये देखावा काढून टाकल्यावर तीच व्यवस्था उघडी पडली आणि लोकांना वाटलं हा माणूस बिघडला. बिघडला नव्हता. त्यानं फक्त पाटी काढली होती. गोड म्हणून विकल्या गेलेल्या त्या त्रिकुटात पुढचं सगळं आधीच होतं. माझ्या मित्राच्या बोटांना ते अर्ध्या मिनिटात कळलं, कारण त्याला देखाव्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो ठेका शोधत होता.

म्हणून मी या दोन काळांत निवड करायला तयार नाही. १९५८चं त्रिकूट हे ‘सोपं’ आणि १९६१चं ‘अवघड’ असं म्हणणारे दोन्हीकडे कमी ऐकतात. उलट मला तर पहिलंच जास्त धाडसी वाटतं. सगळं सोडून दिल्यावर मोकळं वाजवायला हिंमत लागते हे खरं, पण ताल, आवर्तन, सुरावट सगळं ठेवून त्यातून फक्त रखवालदार काढून घ्यायचा आणि तरी घर शाबूत ठेवायचं, याला जास्त लागते.

त्या धड्याचा माग पुढे सापडतो. जिम हॉलनं १९६२ साली पियानोवादक बिल एव्हान्सबरोबर ‘अंडरकरंट’ ही रेकॉर्ड केली, फक्त दोघं, ड्रम नाही, बास नाही. हॉलकडे शिकलेला बिल फ्रिझेल आजही गिटारवर अमेरिकन लोकगीतं अशी वाजवतो की मधल्या शांततेला चाल असते. जुफ्री बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकवत राहिला, १९६१चं त्रिकूट १९८९मध्ये पुन्हा एकत्र आलं. त्या त्रिकुटाच्या १९६१च्या दोन रेकॉर्डी ‘ईसीएम’ कंपनीनं १९९२ साली एकत्र काढल्या, तेव्हा तीस वर्षांपूर्वीचं हे संगीत नव्यानं ऐकलं गेलं. पुढे पार्किन्सननं हात थरथरू लागले. एप्रिल २००८मध्ये, सत्त्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, तो गेला.

ऐकणार असाल तर एक विनंती. चित्रपटातला तुकडा आधी पाहू नका, पाणी फार सुंदर आहे आणि ते कान पळवतं. ‘वेस्टर्न सुइट’मधला ‘ब्लू मंक’ लावा. रात्री उशिरा लावा आणि पंखा बंद करा. उकडेल, पण आपल्या घरातल्या पंख्याच्या घरघरीत त्या क्लॅरिनेटचे खालचे सूर बुडून जातात.